जुनें भिंग आणि नवा कॅमेरा

१६ एप्रिल १८५३ रोजीं मुंबईहून निघालेली पहिली आगगाडी ठाण्यास पोंचली आणि १ मे १८५४ रोजीं ती कल्याणपर्यंत धांवूं लागली. त्याच १८५४ सालीं मुंबईंत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, डॉ. भाऊ दाजी आणि त्यांचे बंधु डॉ. नारायण दाजी हे तिच्या एतद्देशीय सभासदांपैकीं होत. तेव्हांपासून कॅमेऱ्याची पेटी कितीदां तरी बदलली. काचेची पाटी गेली, फिल्म आली. फिल्म मागें पडली, सेन्सर आला. भिंगाचें काम मात्र तेंच राहिलें: समोरून येणारा प्रकाश मागच्या पडद्यावर नेमका एकत्र आणणें. म्हणूनच चाळीस-पन्नास वर्षांपूर्वींचें, हातानें फोकस करावयाचें भिंग आजच्या डिजिटल एस. एल. आर. कॅमेऱ्यावरहि काम देऊं शकतें.

मग कोणतेंहि भिंग कोणत्याहि कॅमेऱ्यास कां चालत नाहीं? रुळांचें अंतर जुळल्याशिवाय गाडी चालत नाहीं, तसेंच हें आहे. भिंग ज्या कड्यांत बसतें, त्या कड्यापासून सेन्सरपर्यंतचें अंतर प्रत्येक कारखान्यानें आपापलें ठरविलेलें आहे. १९४९ च्या सुमारास जर्मनींत रूढ झालेल्या ४२ मिलिमीटर आट्यांच्या भिंगाचें हें अंतर ४५.४६ मिलिमीटर, १९५९ च्या निकॉनचें ४६.५, १९७१ च्या कॅनन एफ. डी. चें ४२, आणि १९८७ च्या कॅनन ई. एफ. चें ४४.

ह्या लहानशा आंकड्यांनींच जुन्या भिंगांचें भवितव्य ठरविलें. निकॉनचें भिंग कॅननच्या ई. एफ. कॅमेऱ्यावर बसवितांना अडीच मिलिमीटरांची उणीव एका धातूच्या कड्यानें भरून निघते. उलट आट्यांचें भिंग निकॉनवर लावलें, तर तें सेन्सरपासून गरजेपेक्षां दूर पडतें. टेबलावरचें फूल त्यांतून स्पष्ट येईल, पण डोंबिवलीहून दिसणारा मलंगगड धूसरच राहील. तो स्पष्ट हवा असेल, तर मध्यें आणखी एक कांच घालावी लागते, आणि तिनें चित्राचा दर्जा उतरतो.

निकॉननें आपलें जुनें कडें राखलें. तरीहि १९७७ पूर्वींचीं कांहीं भिंगें तिच्या कित्येक डिजिटल कॅमेऱ्यांवर जोरानें बसविल्यास कॅमेऱ्याची नाजूक तरफ मोडण्याचा संभव असतो. हें आधीं तपासावें. पेंटॅक्सनें १९७५ सालीं नवें कडें काढलें, पण अंतर ४५.४६ च ठेवून जुन्या गिऱ्हाइकांचा मान राखला. कॅनननें मात्र १९८७ सालीं आपोआप फोकसच्या सोयीसाठीं जुन्या भिंगांशीं नातें तोडलें. त्यामुळें तिचीं स्वतःचीं भिंगें तिच्याच घरीं परकीं झालीं आणि परक्यांचीं भिंगें तेथें सुखानें नांदूं लागलीं!

अशा भिंगाला राबवावयाचें, तर माणसालाहि राबावें लागतें. फोकस हातानें, छिद्राचें माप हातानें. प्रकाशाचा अंदाजहि पुष्कळदां आपणच करावयाचा. फिल्मच्या बहुतेक कॅमेऱ्यांतील दुभंगलेलें चित्र जुळविण्याची सोय डिजिटलमध्यें सहसा नसते. पडद्यावर चित्र मोठें करून पाहावें. लहान सेन्सरवर ५० मिलिमीटरचें भिंग ७५-८० मिलिमीटरच्या भिंगासारखें दृश्य आवळून दाखवितें. माणसांचीं चित्रें काढण्यास तें सोयीचेंच.

या भिंगांचा खरा शत्रु मात्र काळ नव्हे, ओल आहे. ठाणें-कल्याणच्या खाडीकांठच्या पावसाळ्यांत बंद कपाटांतील भिंगावर बुरशीचे तंतु पसरतात आणि ते कांचेवरील लेप खातात. कातडी पेटींत भिंग कोंडूं नये. हवाबंद डब्यांत सिलिका जेलसह ठेवावें आणि अधूनमधून बाहेर काढून वापरावें.

एक शेवटची गोष्ट. अलीकडील आरशाविना कॅमेऱ्यांत हें अंतर सोनीचें १८, निकॉनचें १६ आणि कॅननचें २० मिलिमीटर इतकें कमी झालें आहे. त्यामुळें साध्या कड्यानें जवळजवळ सर्व जुनीं भिंगें, कॅननचीं तीं पोरकीं झालेलीं एफ. डी. भिंगेंहि, त्यांवर बसतात. तेव्हां वडिलांच्या वा आजोबांच्या कपाटांतील भिंग रद्दीवाल्याच्या तराजूंत टाकण्यापूर्वीं एकदां उजेडाकडे धरून पाहावें. कांच निर्मळ असेल, तर तिचें काम अजून संपलेलें नाहीं.