चंदीची टेकडी आणि तंजावरची भिंत

सभासदाची बखर आम्ही गेली पंधरा-सोळा वर्षे शिकवीत आहोत. पदवीच्या वर्गात मध्ययुगीन गद्याची तासिका आली की बखर या शब्दाची व्युत्पत्ती, सभासदाची तुटक वाक्ये, फारसी शब्दांचे प्रमाण हे सगळे ठरलेल्या क्रमाने येते. कृष्णाजी अनंत सभासद याने राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून ही बखर १६९७ च्या सुमारास लिहिली, हेही त्यात येते. एकदा एका विद्यार्थिनीने विचारले, ‘लिहिली कुठे?’ आम्ही ‘जिंजीला’ म्हणालो आणि पुढच्या मुद्द्याकडे वळलो. तिचे समाधान झाले नसावे. जिंजी नकाशावर नेमकी कुठे, असा तिचा दुसरा प्रश्न होता, आणि त्यावर आम्हांस ‘दक्षिणेत, मद्रासकडे’ यापलीकडे काही सांगता आले नाही.

नाताळच्या सुट्टीत आम्ही तिघे अध्यापक चार दिवसांच्या दक्षिणयात्रेला निघालो, त्यामागे हा ओशाळेपणा होता. यात्रा हा शब्द मोठा झाला. एक किल्ला, एक देऊळ आणि एक समुद्रकिनारा एवढाच बेत होता. प्रवासी कंपन्यांच्या पत्रकांत अशा सहलींना ‘मंदिर, गड आणि निसर्ग’ असे एका दमात म्हटलेले असते. आमच्या बाबतीत हे तिन्ही एकाच प्रश्नाला जोडले गेले, हा योगायोग.

चेन्नईहून तिंडिवनमला उतरून तिरुवण्णामलैच्या रस्त्याला लागले की तासाभरात जिंजी येते. आपल्या जुन्या कागदांत तिला ‘चंदी’ म्हटले आहे. सह्याद्रीतला किल्ला पाहिलेल्या डोळ्यांना पहिला धक्का बसतो तो दगडांचा. इथे कडे नाहीत, कातळाच्या सलग भिंती नाहीत. प्रचंड गोल धोंडे कुणी रचून ठेवावेत तशा टेकड्या आहेत. राजगिरी, कृष्णगिरी आणि चंद्रगिरी या तीन टेकड्यांना तटाने एकत्र बांधले आहे. राजगिरी सर्वांत उंच, सुमारे आठशे फूट. माथ्याजवळ एक खोल घळ आडवी येते आणि ती ओलांडण्यासाठी लहानसा पूल आहे. पूल काढून घेतला की वरचा भाग तुटलाच. खाली कोठारे, कल्याणमहालाचा मजल्यांमागून मजले चढत गेलेला मनोरा, वेंकटरमणाचे विस्तीर्ण देऊळ. त्याचे काही कोरीव स्तंभ फ्रेंचांनी पुदुच्चेरीस नेले, तिथल्या किनाऱ्यावर ते आजही उभे आहेत.

शिवाजी महाराजांनी हा किल्ला १६७७ मध्ये विजापूरकरांच्या सरदाराकडून घेतला, हे आपण सारे जाणतो. बारा वर्षांनी तो कामास आला. १६८९ मध्ये संभाजी महाराजांची हत्या झाली, त्याच वर्षी रायगड पडला, आणि राजाराम महाराज वेषांतर करून इथवर पोहोचले. रायगड ज्याने घेतला त्या इतिकादखानास बादशहाने जुल्फिकारखान हा किताब दिला, आणि तोच जुल्फिकारखान पुढच्या वर्षी जिंजीसमोर येऊन बसला. वेढा सात-साडेसात वर्षे चालला. या काळात मोगल छावणीत बादशहाचा पुत्र कामबक्ष आपल्याच सेनापतीच्या कैदेत पडला, संताजी-धनाजींनी वेढा घालणाऱ्यांनाच कोंडीत धरले, दोन्ही बाजूंना उपासमार झाली. राजाराम महाराज निसटल्यावर १६९८ च्या आरंभी किल्ला पडला.

सभासद लिहीत होता तो या वेढ्यात.

राजगिरीच्या पायऱ्यांवर दम खात बसलो असता (वानरांनी आमची केळी तोवर पळविली होती) आमच्यातील एकाने बखरीच्या शेवटच्या भागाचा विषय काढला. त्या भागात याद्या आहेत. महाराजांच्या मागे राहिलेला खजिना, जवाहीर, कापड, घोडी, हत्ती, सरदारांची नावे आणि गडांची लांबलचक जंत्री. आम्ही विद्यार्थ्यांना आजवर हेच सांगत आलो की ही पाने चाळली तरी चालतील. परीक्षेत त्यांवर प्रश्न येत नाही. वाङ्मयीन गुण प्रतापगडाच्या प्रसंगात पाहावेत, याद्यांत काय पाहायचे?

पण त्या याद्या कुणासाठी आहेत? ज्याचा थोरला भाऊ मारला गेला, ज्याची राजधानी गेली, ज्याच्या वडिलांचे कितीतरी गड शत्रूच्या हाती आहेत आणि जो परमुलुखातल्या एका टेकडीवर कोंडला गेला आहे, अशा तरुण राजापुढे हा म्हातारा कारकून मोजदाद ठेवतो आहे. आपले एवढे होते. त्या जंत्रीतला एकेक गड त्या घटकेला कुणाच्या ताब्यात होता हे डोळ्यांपुढे आणून ती पाने वाचली, तर अफजलखानाच्या वधाहून ती अधिक अंगावर येतात. बखर हा पराक्रमाचा गद्यप्रकार आहे, असे आम्ही वर्गात सांगतो. सभासदापुरते तरी ते अपुरे आहे. ती हातचे गेलेल्यांची मोजणी आहे, आणि ती पुन्हा मिळवायची असेल तर आधी नीट पाठ असली पाहिजे या भावनेने केलेली आहे. हे आमच्या लक्षात यायला आठशे फूट चढावे लागले, याची लाज वाटली.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशात स्थान दिले. अकरा महाराष्ट्रातले आणि बारावा जिंजी. तेव्हापासून मराठी सहलींच्या यादीत ते नाव वर चढले आहे, हे चांगलेच झाले. पण तमिळ माणसाच्या मनातली जिंजी राजारामांची नव्हे. ती राजा देसिंगाची. बुंदेल्या स्वरूपसिंहाचा हा कोवळा मुलगा अर्काटच्या नबाबाला खंडणी नाकारून १७१४ मध्ये लढताना मारला गेला. लोकगायकांच्या कथेत त्याच्यासाठी जीव देणारा मित्र महबतखान आहे, घोडा आहे, सती जाणारी राणी आहे. गावातल्या माणसाला किल्ल्याचा राजा कोण विचारले तर हेच नाव येणार. हा गड आपल्या हाती जेमतेम वीस-एकवीस वर्षे होता. आधी स्थानिक सत्ता, विजयनगर, नायक, विजापूर. नंतर मोगल, नबाब, फ्रेंच, इंग्रज. ‘आपला किल्ला’ म्हणताना आवाज थोडा खाली आणलेला बरा.

तंजावरला बृहदीश्वराच्या आवारात शिरलो ते दुसऱ्या दिवशी संध्याकाळी. दोनशे फुटांहून उंच विमान, नायककालीन नंदी, उन्हाने मधासारखा झालेला दगड. यावर एवढे लिहिले गेले आहे की आम्ही भर घालू नये. आम्ही वाचायला गेलो होतो. नैऋत्येकडच्या ओवरीच्या भिंतीवर देवनागरीत कोरलेला मराठी मजकूर आहे, भोसले वंशाचे चरित्र. १८०३ मध्ये सरफोजीराजांच्या आज्ञेने बाबुराय या त्यांच्या चिटणिसाने तो रचला. मराठीतला हा सर्वांत मोठा शिलालेख म्हणून ओळखला जातो. पौराणिक पूर्वजांपासून आरंभ करून मालोजी, शहाजी, शिवाजी, तंजावरचे राज्य स्थापणारे व्यंकोजी असे करीत तो सरफोजींपर्यंत येतो. सनावळ्यांच्या बाबतीत इतिहासकार त्यावर डोळे मिटून विश्वास ठेवीत नाहीत.

मराठी प्रवासी इथे येतात, अक्षरांवर बोट ठेवून एखादे ओळखीचे नाव शोधतात आणि छायाचित्र काढतात. आम्हीही काढले. मग साल आठवले. १७९८ मध्ये सरफोजी गादीवर आले. १७९९ च्या तहाने राज्यकारभार कंपनीकडे गेला. राजाकडे तंजावरचा किल्ला, वर्षाला एक लाख होन आणि वसुलाचा पाचवा हिस्सा एवढेच उरले. म्हणजे वंशाचा हा भव्य लेख खोदला गेला तेव्हा वंशाचे राज्य जाऊन चार वर्षे झाली होती. पुन्हा तेच. जिंजीच्या वेढ्यात सभासद, तहानंतरच्या तंजावरात बाबुराय. मराठी इतिहासलेखनातल्या या दोन प्रसिद्ध कृती महाराष्ट्राबाहेर, तमिळ मुलुखात, सत्ता निसटत असताना जन्मास आल्या. फरक एवढाच की सभासदाच्या धन्याला परत मिळण्याची आशा होती आणि बाबुरायाच्या धन्याला ती नसावी. म्हणून एकाने कागद घेतला, दुसऱ्याने दगड. हा आमचा तर्क आहे, कुणी खोडून काढला तर हरकत नाही.

त्याच देवळाच्या मुख्य अधिष्ठानावर राजराज चोळाचे तमिळ लेख आहेत, सुमारे १०१० सालचे. आम्ही, आमच्या थोरल्या बहिणीने, आमच्या राण्यांनी आणि इतरांनी जे दिले ते सर्व दगडावर कोरले जावे, अशी राजाची आज्ञा त्यांत आहे. मग याद्या सुरू होतात. सोन्याची भांडी, मोती, मूर्ती. सोने कोणत्या दगडाने तोलले तेही सांगितले आहे. त्या वजनाचे नाव ‘आडवल्लान’, म्हणजे नृत्यनिपुण, अर्थात नटराज. देवळासाठी आणलेल्या चारशे नर्तकींची नोंद आहे: प्रत्येकीचे नाव, ती कोणत्या गावच्या कोणत्या देवळातून आली, तिला कोणत्या रांगेत कोणते घर दिले. हुल्त्श यांनी हे लेख प्रसिद्ध केले, त्यांच्या आधारे विद्यार्थी ते वाचू शकतात. आठशे वर्षांच्या अंतराने एकाच आवारात दोन राजांनी दगडावर कोरविले. एकाने काय दिले ते, दुसऱ्याने आपण कोण ते. ज्याच्याजवळ देण्यासारखे आहे त्याला आपण कोण हे सांगत बसावे लागत नाही, असे त्या संध्याकाळी वाटून गेले.

मात्र सरफोजींवर हा अन्यायच. त्यांनी जे दिले ते या भिंतीवर नाही, ते सरस्वती महालात आहे. नायकांच्या काळापासूनच्या या ग्रंथसंग्रहात त्यांनी पोथ्या, नकाशे, वैद्यक आणि परदेशी ग्रंथांची भर घातली. त्यांच्या छापखान्यातून एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात देवनागरीत मराठी पुस्तक निघाले, तेव्हा पुण्यात पेशवाई होती आणि मुद्रण नव्हते. त्यांच्या नावावरच्या ‘देवेंद्र कुरवंजी’त तर डोंगरातली कुरवंजी म्हणजे भविष्य सांगणारी बाई मराठीत जगाचा भूगोल सांगते. तमिळ नाट्यप्रकार, मराठी भाषा, युरोपातून आलेले ज्ञान. त्याआधी शंभर वर्षे, शहाजीराजांच्या (१६८४ ते १७१२) ‘पंचभाषाविलास’ नाटकात वेगवेगळ्या प्रांतांच्या राजकन्या आपापल्या भाषेत बोलतात. त्यांचेच ‘लक्ष्मीनारायण कल्याण’ हे मराठी नाटक. आमच्या अभ्यासक्रमात मराठी नाटक १८४३ मध्ये सांगलीला विष्णुदास भाव्यांकडे सुरू होते आणि तंजावर तळटिपेत जाते. पुढच्या नाटकांवर त्यांचा प्रभाव नाही, असे कारण देतात. ते खरे असेलही. पण मग साहित्याचा इतिहास म्हणजे केवळ पुण्या-मुंबईपर्यंत पोहोचलेल्यांचा इतिहास, असे पाठ्यपुस्तकाच्या मुखपृष्ठावरच छापावे.

प्रभाव पडला तो दुसऱ्या दिशेने. एकोणिसाव्या शतकात मराठी कीर्तनकार तंजावरला येत राहिले, मोरगावकर रामचंद्रबुवा त्यांतले विशेष प्रसिद्ध. आणि तंजावर कृष्ण भागवतरांनी त्यांच्या पद्धतीवरून तमिळ हरिकथेला रूप दिले. साकी, दिंडी, ओवी, अभंग ही वृत्ते तिथे याच नावांनी रुजली. सांबार संभाजीराजांच्या नावावरून आले, ही कथा खानावळीत आम्हांस दोनदा ऐकविण्यात आली. ती चवीपुरती घ्यावी. दिंडी-साकीची गोष्ट मात्र खरी आहे, आणि ती कुणी ऐकवीत नाही.

तिसऱ्या दिवशी पट्टुकोट्टईच्या रस्त्याने समुद्राकडे निघालो. वाटेत ओरत्तनाडला मुक्तांबाळ छत्र आहे. सरफोजींनी आपल्या प्रिय स्त्रीच्या स्मरणार्थ ते १८०२ मध्ये बांधविले. रामेश्वरला जाणाऱ्या वाटेवर भोसल्यांनी अशी अनेक छत्रे उभारली. १८०१ मध्ये सरफोजींनी कंपनीच्या रेसिडेंटला पत्र लिहून त्यांची व्यवस्था कळविली: सर्व जातींच्या वाटसरूंना अन्न, आजाऱ्यांना वैद्य, बाळंतिणींची सोय, मुलांना शाळा. राज्य देताना त्यांनी धरून ठेवलेल्या थोड्या गोष्टींत ही छत्रे होती. पुढे १८२० ते १८२२ मध्ये ते स्वतः मोठ्या लवाजम्यासह काशीला जाऊन आले; त्या त्रिस्थळी यात्रेवर मराठीत लावण्या रचल्या गेल्या. काशीहून रामेश्वरला आलेल्या आपल्या कोणा पणजोबांनी या ओसरीवर पाने मांडून घेतली असतील. आम्ही वीस मिनिटे थांबलो. बस होती.

सरफेंद्रराजपट्टणमचा मनोरा पाल्कच्या सामुद्रधुनीवर आहे. लाटा नसलेला उथळ, मातकट समुद्र, ताडांची रांग. या पाण्यातल्या गवतावर चरणाऱ्या समुद्रगाईंसाठी तमिळनाडू सरकारने २०२२ मध्ये राखीव क्षेत्र जाहीर केले आहे. षट्कोनी, मजल्यांवर मजले असलेला हा मनोरा इंग्रजांनी नेपोलियनचा पाडाव केला म्हणून सरफोजींनी बांधविला. वाटाडे वॉटर्लूचे नाव घेतात. परंतु बांधणीचे साल १८१४ सांगितले जाते आणि वॉटर्लूची लढाई जून १८१५ मधली, तेव्हा हा आनंद नेपोलियनच्या पहिल्या पदत्यागाचा असावा. कंपनीच्या शत्रूच्या पराभवाचा आनंद, कंपनीनेच राज्य घेतलेल्या राजाने, एकाच आशयाच्या लेखातून अनेक भाषांत नोंदविला आहे. त्यांत मराठीही आहे. इथे याद्या नाहीत, पूर्वज नाहीत. पट्टुकोट्टईची शेवटची बस येईपर्यंत आम्ही तो मराठी मजकूर वहीत उतरवून घेत होतो. उजेड गेला आणि अखेरच्या दोन ओळी राहून गेल्या.