दिनविशेष : १२ डिसेंबर २०१२ – पोपचे पहिले ट्वीट

पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी १२ डिसेंबर २०१२ रोजी @पाँटिफेक्स या खात्यावरून पहिला संदेश पाठवला. त्या दिवशी बुधवार होता आणि ग्वादालुपेच्या मातेचा सणही. व्हॅटिकनमधील पॉल सहावे सभागृहात साप्ताहिक जाहीर भेटीसाठी जमलेल्या भाविकांसमोर ८५ वर्षांच्या पोपनी टॅब्लेटच्या पडद्याला बोट लावले. संदेशात त्यांनी प्रतिसादाबद्दल आभार मानले आणि सर्वांना आशीर्वाद दिला. सुरुवातीला हे खाते इंग्रजी, इटालियन, अरबी यांसह आठ भाषांत होते. जानेवारी २०१३ मध्ये लॅटिनची भर पडली. पहिल्या संदेशापूर्वीच अनुयायांची संख्या दहा लाखांवर गेली होती.

नव्या माध्यमांशी कॅथॉलिक धर्मसभेचे नाते जुने आहे. मार्कोनी यांनी उभारलेले व्हॅटिकन रेडिओ १९३१ मध्ये सुरू झाले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये संपर्कमाध्यमांवर स्वतंत्र आदेशपत्र काढले, १९६७ पासून जागतिक संपर्कमाध्यम दिन पाळला जाऊ लागला आणि १९९५ मध्ये व्हॅटिकन इंटरनेटवर आले.

फेब्रुवारी २०१३ अखेर बेनेडिक्ट पदावरून पायउतार झाले, तरी खाते टिकले. १७ मार्चला पोप फ्रान्सिस यांनी ते पुढे चालवले, २०१६ मध्ये इन्स्टाग्रामवरही पाऊल टाकले. २०२५ मध्ये हा वारसा पोप लिओ चौदावे यांच्याकडे आला. आज जगभरातील धर्मगुरू, धर्मभगिनी आणि सामान्य श्रद्धावंत याच माध्यमांतून प्रार्थना, प्रवचने आणि शुभवर्तमानाचे चिंतन लोकांपर्यंत पोहोचवतात.