विद्यार्थ्यांच्या सर्व्हेची माहिती एकाच ठिकाणी कशी आणायची? उत्तर सोलापूरच्या दोन गावांत आहे

समजा, मोहोळ तालुक्यातल्या एकाच गावात तीन कॉलेजांची मुलं सर्व्हेला गेली. पिकाच्या रकान्यात एकीने लिहिलं 'ज्वारी', दुसऱ्याने 'शाळू' आणि तिसऱ्याने 'मालदांडी'. शेतकऱ्याला विचाराल तर तिन्ही उत्तरं त्याच्या एकाच रानाची आहेत. एक्सेलला विचाराल तर ती तीन वेगळी पिकं आहेत.

आता या तिघांची माहिती एकत्र करायची म्हटलं, तर बसा निस्तरत!

हा विषय आत्ताच का?

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार आखलेल्या राज्यातल्या पदवी अभ्यासक्रमात फील्ड प्रोजेक्ट आणि कम्युनिटी एंगेजमेंटला क्रेडिट आहेत. म्हणजे हा प्रोजेक्ट आता फक्त हौसेचा भाग राहिलेला नाही. पण प्रत्येक कॉलेजचा फॉर्म वेगळा असेल, तर रिपोर्ट बाईंड होतो, मार्क मिळतात आणि माहिती कपाटात जाते. पुढच्या वर्षी नवी बॅच त्याच दारात तेच प्रश्न घेऊन उभी राहते.

यावर उपाय म्हणजे सगळ्यांसाठी एकच डेटा प्लॅटफॉर्म. मात्र प्लॅटफॉर्म म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर आधी अ‍ॅप येतं. खरं काम अ‍ॅपच्या आधीचं आहे, आणि ते सोलापूर जिल्ह्यात एकदा झालेलंही आहे.

शिरापूर आणि कळमणमध्ये काय झालं होतं?

हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय कृषी संशोधन संस्थेने १९७५ मध्ये कोरडवाहू भागातल्या गावांचा अभ्यास सुरू केला. सुरुवातीच्या सहा गावांपैकी दोन सोलापूर जिल्ह्यातली होती, शिरापूर आणि कळमण. दोन्ही रब्बी ज्वारीच्या पट्ट्यातली.

प्रत्येक गावातून ४० कुटुंबं निवडली गेली: १० भूमिहीन, १० अल्पभूधारक, १० मध्यम आणि १० मोठे शेतकरी. माहिती घेणारे तरुण गावातच राहायचे. साधारण तीन-चार आठवड्यांनी त्याच घरी जाऊन, ठरलेल्या नमुन्यात पीक, मजुरी, खर्च आणि कर्ज नोंदवायचे. हे काम १९८५ पर्यंत चाललं आणि २००१ नंतर पुन्हा सुरू झालं.

तेव्हा मोबाइल नव्हता, इंटरनेट नव्हतं. तरीही ही माहिती जगभर वापरली गेली. अर्थतज्ज्ञ रॉबर्ट टाउनसेंड यांनी १९९४ च्या गाजलेल्या शोधनिबंधात शिरापूरसह तीन गावांची आकडेवारी तपासली. एखाद्या घराचं उत्पन्न घसरलं तरी त्याचा खाण्यापिण्यावरचा खर्च तेवढा घसरत नाही, तो बऱ्याच अंशी गावाच्या सरासरीबरोबर हलतो, असं त्यात दिसलं. एका वर्षाच्या एका सर्व्हेतून हे कधीच कळलं नसतं.

मग प्लॅटफॉर्ममध्ये काय हवं?

१. सामाईक कोड. पीक, जमीन, पाण्याचा स्रोत यांसाठी मोकळी जागा न ठेवता ठरलेली यादी हवी. 'ज्वारी' निवडली की पुढे हंगाम आणि वाण विचारायचं. जमिनीला दोन रकाने हवेत, एकर आणि गुंठे. कारण २ एकर २० गुंठे म्हणजे अडीच एकर. पण कुणी ते '२.२०' असं टाइप केलं, तर कॉम्प्युटर ते २ एकर ८ गुंठे समजतो. शेतकऱ्याची १२ गुंठे जमीन एका टिंबात गेली!

२. गाव आणि घराचा कायमचा क्रमांक. एका नावाची गावं अनेक असतात. म्हणून गावाच्या नावासोबत सरकारी गाव-कोड हवा. घरालाही क्रमांक दिला, तर पुढची बॅच त्याच घराची पुढची नोंद करू शकते.

३. नेटवर्कशिवाय चालणारा फॉर्म. यासाठी नवं अ‍ॅप बनवायची गरज नाही. ओडीके आणि कोबोटूलबॉक्स ही साधनं तयार आहेत. ओडीकेची सुरुवात २००८ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठात झाली. फॉर्म एक्सेलमध्ये तयार करता येतो, रानात ऑफलाइन भरता येतो आणि रेंज आली की पाठवता येतो. वय २०० लिहिलं तर फॉर्म पुढेच जाऊ देणार नाही, अशी अटही घालता येते.

४. माणसांची भाषा. सोलापूर शहरातल्या विणकर वस्तीत तेलुगू ऐकू येते, अक्कलकोटकडे कन्नड. प्रश्न मराठी, कन्नड, तेलुगू किंवा उर्दूत दिसू दे, उत्तरामागचा कोड मात्र एकच राहिला पाहिजे.

५. संमती. कर्ज, आजार, जात ही माहिती कुणाच्याही हाती पडू नये. डिजिटल व्यक्तिगत डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये संशोधनाला काही अटींवर सवलत आहे, पण ती बेफिकिरीची मुभा नाही. नाव-मोबाइल नंबर वेगळ्या कुलूपबंद यादीत, आणि विश्लेषणासाठी फक्त घराचा क्रमांक. माहिती कशासाठी हवी हे आधी सांगायचं आणि 'नको' म्हटलं तर मुकाट्याने परत यायचं.

सोलापुरात हे जमेल का?

पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ २००४ मध्ये स्थापन झालं. त्याचं कार्यक्षेत्र एकच जिल्हा आहे, ११ तालुके. त्यामुळे सामाईक फॉर्म ठरवायला अनेक जिल्ह्यांची मोट बांधावी लागत नाही. सुरुवात दहा-बारा प्रश्नांपासून करता येईल. तेवढे प्रश्न सगळ्यांचे सारखे, बाकीचे ज्याच्या-त्याच्या विषयाचे. कोडची यादी कोण सांभाळणार आणि बदल कोण नोंदवणार, हे मात्र पहिल्याच दिवशी ठरायला हवं. बॅच दरवर्षी बदलते, यादी बदलून चालत नाही.

आणि शेवटचं काम म्हणजे निष्कर्ष गावात परत नेणं. साध्या मराठीतला एक पानाचा तक्ता ग्रामपंचायतीत लावला तरी पुरे. ज्या बाईने हातातलं काम सोडून आपल्याला अर्धा तास दिला, तिला त्या अर्ध्या तासाचं पुढे काय झालं हे कळलंच पाहिजे. पुढच्या वर्षी त्याच दारात दुसरी बॅच उभी राहणार आहे.