डोंगर, मेघ आणि बायकांची गाणी



आपल्या खापरखेड्यात डोंगर नाही. उंच म्हणावं असं काय, तर वीज केंद्राच्या चिमण्या. तरीही शास्त्रीय संगीत आणि डोंगर यांचं नातं सांगायला आम्हाला फार दूर जावं लागत नाही. रामटेकचा गड आपल्याच जिल्ह्यात आहे. तिथूनच सुरुवात करू.

रामटेकचं जुनं नाव रामगिरी. वाकाटकांची राणी प्रभावतीगुप्ता हिचा एक ताम्रपट, म्हणजे तांब्याच्या पत्र्यांवर कोरलेलं दानपत्र, अमरावती जिल्ह्यातल्या ऋद्धपूरला सापडला. त्यात रामगिरीच्या देवाचा उल्लेख आहे. नवरा वारला, मुलं लहान होती, तेव्हा या बाईने राज्य सांभाळलं. या गोष्टीला सुमारे सोळाशे वर्षं झाली.

कालिदासाच्या मेघदूतातला रामगिरी तो हाच, असं नागपूरचे विद्वान वा. वि. मिराशी यांनी पुराव्यांनिशी मांडलं. गोष्ट अशी, की एका यक्षाला वर्षभर घरापासून दूर राहण्याची शिक्षा झाली. आषाढ लागला, डोंगरमाथ्याला ढग टेकला आणि त्याने त्या ढगाबरोबरच बायकोला निरोप पाठवला. या काव्यात डोंगर नुसता दिसत नाही, वाजतोही. हिमालयात पोकळ बांबूंमध्ये वारा शिरतो आणि सूर निघतो, किन्नर स्त्रिया गातात, ढगांचा गडगडाट गुहेत घुमून मृदंग होतो. तिकडे यक्षाची बायको मांडीवर वीणा घेऊन बसते. डोळ्यांतल्या पाण्याने तारा भिजतात आणि स्वतः रचलेली सुरावटच ती विसरते. अशा या गाणाऱ्या बाईला कालिदासाने नाव मात्र दिलेलं नाही.

रामगिरीहून निघालेला तो ढग नर्मदा पाहून, विंध्य ओलांडून माळव्यात उज्जैनला जातो. उज्जैनजवळच देवास आहे. आपली पुढची गोष्ट तिथली.

बेळगावजवळ १९२४ मध्ये जन्मलेले कुमार गंधर्व लहानपणापासून मोठ्या मैफली गाजवत होते. ऐन उमेदीत त्यांना क्षयरोग झाला. हवा मानवेल म्हणून १९४८ मध्ये ते देवासला राहायला गेले. डॉक्टरांनी गाणं बंद केलं. बायको भानुमतीबाई स्वतः गायिका. त्यांनी नोकरी करून घर चालवलं आणि नवऱ्याचं आजारपणही काढलं.

देवासला मधोमध एक टेकडी आहे, वर देवीची ठाणी. पुढे कुमारांचं घर ‘भानुकुल’ याच टेकडीच्या पायथ्याशी झालं. पाचेक वर्षं गाता येत नव्हतं, पण ऐकता येत होतं. लग्नकार्यात, सणावाराला, पावसाळ्यात माळव्यातल्या बाया गायच्या, ते बिछान्यावरून त्यांच्या कानावर पडायचं. रागाचं मूळ अशाच लोकधुनांत आहे, हे त्यांना तिथे उमगलं. बरं झाल्यावर त्यांनी त्या धुना टिपून घेतल्या आणि त्यांतून नवे राग उभे केले. या रागांना ते धुनउगम राग म्हणत. १९६५ मध्ये आलेल्या ‘अनूपरागविलास’ या पुस्तकात त्यांच्या बंदिशी स्वरलिपीसह छापल्या आहेत. पावसाच्या गाण्यांवर त्यांनी ‘गीतवर्षा’ नावाची अख्खी मैफल बांधली. पहाडी रागाचंही असंच आहे. नावातच पहाड आहे. डोंगरात राहणाऱ्यांच्या धुनांतून तो मैफलीत आला.

आपल्याला मात्र एक गोष्ट टोचते. राग कुणी बांधला ते पुस्तकात लिहिलेलं असतं. धून जिच्या गळ्यातली, तिचं नाव मागेच राहतं. प्रभावतीचं नाव तांब्यावर कोरलं गेलं, म्हणून आज आपण ते घेतो.

डोंगराची गाणी आपल्याकडेही आहेत. महाशिवरात्रीला पचमढीच्या महादेवाला आणि नागपंचमीच्या सुमारास नागद्वारीला आपल्या भागातली माणसं जातात. सातपुड्याची चढण चढताना महादेवाची गाणी म्हणतात. एकजण ओळ उचलतो, बाकीचे झेलतात. दम लागला की लय बदलते. चढणीनेच त्या गाण्याला चाल दिलेली असते. घराघरांतली जाती गेली, तशा जात्यावरच्या ओव्या मिटत चालल्या. ही गाणीही म्हाताऱ्या बायांबरोबर जातील.

म्हणून आम्ही सहयोगिनींनी ठरवलं आहे. गटाच्या मासिक बैठकीत हप्त्याचा हिशेब झाला, की एका बाईने एक गाणं म्हणायचं. ज्या मुलीकडे मोबाईल असेल तिने ते रेकॉर्ड करायचं. वेगळ्या वहीत शब्द उतरवायचे आणि खाली तीन गोष्टी लिहायच्या: गाणारीचं नाव, गाव, आणि ती ते कुणाकडून शिकली.

तुमच्या गटात सगळ्यांत वयस्क बाई कोण आहे? पुढच्या बैठकीत पहिलं गाणं तिचं घ्या.