विमानाला शस्त्र चढवणारा

बॉम्ब टाकणाऱ्या वैमानिकाचे नाव तुम्ही ऐकता. पण तो बॉम्ब विमानाला लावतो कोण? काडतुसांचे पट्टे भरतो कोण? अमेरिकी आरमारात हे काम ‘ऑर्डनन्समन’चे. जॉन फिन त्यांतलाच एक. १९२६ साली, सतरावे वर्ष पुरे होण्याआधीच तो आरमारात शिरला; १९३५ साली ‘चीफ’ झाला.

७ डिसेंबर १९४१ च्या सकाळी हवाई बेटांवरील कानेओहे तळावर जपानी विमाने तुटून पडली. तळाच्या ३६ उडत्या बोटींपैकी गस्तीवर गेलेल्या ३ तेवढ्या धड राहिल्या. फिनने एक मशीनगन उघड्यावर मांडली आणि अंगावर २० हून अधिक जखमा झेलीत सुमारे दोन तास चालवली. हुकूम झाला तेव्हा कुठे तो मलमपट्टीला गेला. अन् लगेच परतला कशाला, म्हणाल? परतणाऱ्या विमानांत दारूगोळा भरून घ्यायला! त्याचे नेमाचे काम तेच होते.

१९४२ साली त्याला ‘मेडल ऑफ ऑनर’ मिळाले. १९५६ साली तो निवृत्त झाला आणि २०१० साली, शंभरी गाठून वारला. त्याचे ते दोन तास आपण आठवतो. पण ती गन हाताळणारे हात पंधरा वर्षांच्या रोजच्या कामात घडले होते, हेही ध्यानी ठेवावे.