हेलिकॉप्टर वैमानिकांच्या संघटना

हेलिकॉप्टर वैमानिकांच्या संघटना म्हणजे नागरी हेलिकॉप्टर चालवणाऱ्या वैमानिकांचे वेतन, कामाचे तास, विश्रांती आणि उड्डाणसुरक्षा या प्रश्नांवर सेवायोजकांशी वाटाघाटी करणाऱ्या कामगार संघटना होत. अनेक देशांत हे वैमानिक विमान वैमानिकांच्या संघटनांचेच सदस्य असतात. १९४८ साली स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय वैमानिक संघटना महासंघातही हेलिकॉप्टरविषयक स्वतंत्र समिती आहे.

कामाचे स्वरूप

समुद्रातील तेलविहिरींवर कर्मचाऱ्यांची ने-आण, रुग्णवाहतूक, शोध व बचाव, वणवे विझवणे आणि यात्रेकरूंची वाहतूक ही या वैमानिकांची प्रमुख कामे आहेत. अनेकांना घरापासून दूरच्या तळावर सलग एक-दोन आठवडे काम आणि नंतर तितकीच सुट्टी असते. रुग्णसेवेत प्रत्यक्ष उड्डाण थोडे आणि सज्ज राहण्याचा काळ मोठा असतो; तो काळ कामाचा मानावा की विश्रांतीचा, हा वादाचा विषय आहे. एका तळावर मोजकेच वैमानिक असल्याने आणि कंपनीचे काम ग्राहकाच्या ठरावीक मुदतीच्या कंत्राटावर अवलंबून असल्याने संघटन बांधणे कठीण जाते.

युनायटेड किंग्डम आणि नॉर्वे

१९३७ साली स्थापन झालेली ब्रिटिश एअरलाइन पायलट्स असोसिएशन (बाल्पा) उत्तर समुद्रातील हेलिकॉप्टर वैमानिकांचे प्रतिनिधित्व करते. १९७७ साली परदेशातील नेमणूक नाकारणाऱ्या एका वैमानिकाच्या बडतर्फीवरून ॲबर्डीन येथे ब्रिस्टो हेलिकॉप्टर्समध्ये संप झाला. संघटनेला मान्यता मिळावी की नाही, हा त्यातील कळीचा मुद्दा होता. सरकारला या वादाची चौकशी करावी लागली.

नॉर्वेमध्ये २९ एप्रिल २०१६ रोजी तुरॉय बेटाजवळ एच२२५ जातीचे हेलिकॉप्टर कोसळून त्यातील सर्व १३ जण मृत्युमुखी पडले. गिअरबॉक्समधील एका चाकाला धातुथकव्यामुळे गेलेला तडा हे त्याचे कारण होते. नॉर्वेत सुरक्षाविषयक चर्चेत कंपन्या आणि शासनाबरोबर कर्मचारी संघटनांनाही स्थान असते.

अमेरिका

अमेरिकेत रेल्वे कामगारांसाठी १९२६ साली झालेला कायदा १९३६ पासून हवाई वाहतुकीलाही लागू आहे. त्यामुळे संपापूर्वी मध्यस्थी आणि ३० दिवसांचा शीतकाल अनिवार्य ठरतो. लुईझियानातील पीएचआय या कंपनीच्या वैमानिकांनी २००६ च्या सप्टेंबर ते नोव्हेंबर दरम्यान संप केला. ते कार्यालयीन व व्यावसायिक कर्मचाऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेशी संलग्न होते. अनियमित वाहतुकीच्या नियमांनुसार २४ तासांत एका वैमानिकाला ८ तास आणि दोन वैमानिकांच्या चमूला १० तास, तर वर्षाला १,४०० तास अशी उड्डाणमर्यादा आहे.

ब्राझील

२०१७ च्या वैमानिकविषयक कायद्याने हेलिकॉप्टरसाठी महिन्याला ९० आणि वर्षाला ९३० तासांची उड्डाणमर्यादा घातली आहे. अमेरिकेतील वार्षिक मर्यादेपेक्षा ती बरीच कमी आहे.

भारत

भारतात उड्डाण आणि विश्रांतीच्या मर्यादा नागरी विमान वाहतूक महासंचालनालय ठरवते. सैन्यदलांतून निवृत्त झालेल्या वैमानिकांचे प्रमाण या क्षेत्रात मोठे आहे. वैमानिक कायद्याच्या अर्थाने ‘कामगार’ ठरतो का, हा प्रश्न न्यायालयांपुढे आलेला आहे. २०२५ पर्यंत उत्तरावर औद्योगिक विवाद कायद्याचे संरक्षण अवलंबून असे.

मुंबई हाय तेलक्षेत्रासाठी जुहू विमानतळावरून उड्डाणे होतात. १३ जानेवारी २०१८ रोजी अरबी समुद्रात झालेल्या अपघातात दोन वैमानिकांसह ७ जणांचा मृत्यू झाला, तर २८ जून २०२२ रोजीच्या अपघातात ९ पैकी ४ जण दगावले. उत्तराखंडातील केदारनाथ मार्गावर १८ ऑक्टोबर २०२२ आणि १५ जून २०२५ रोजी झालेल्या अपघातांत प्रत्येकी ७ जण मृत्युमुखी पडले. दोन्ही वेळी दृश्यमानता खराब होती.

उड्डाण नाकारण्याचा अधिकार

हवामान प्रतिकूल असल्यास उड्डाण नाकारण्याचा अंतिम अधिकार नियमाने वैमानिकाकडे असतो. मात्र कंत्राट गमावण्याची, नोकरी जाण्याची किंवा रुग्ण दगावण्याची भीती त्याच्यावर दबाव आणते. म्हणून अमेरिकेतील अनेक रुग्णसेवांत निर्णय होईपर्यंत वैमानिकाला रुग्णाची अवस्था सांगत नाहीत. तसेच चमूतील कोणत्याही एका सदस्याने नकार दिल्यास उड्डाण रद्द होते. नकार देणाऱ्यावर कारवाई होऊ नये, यासाठी करारात संरक्षण मिळवणे हे संघटनांचे महत्त्वाचे काम मानले जाते.