कल्याणची खाडी आणि आमच्या घरातली जेट स्की

"आबा, दोन लाख उसने द्याल का?"

रविवारची दुपार. जेवण झाले होते, पान लावायला घेतले होते, आणि नातवाने हा बाँब टाकला. हिने स्वयंपाकघरातूनच विचारले, "कशाला रे? लग्न ठरवलंस की काय परस्पर?"

लग्न नव्हते. जेट स्की होती! तीही समुद्रावर पर्यटकांना बसवून फिरवतात ती नव्हे, तर उभ्याने चालवायची. तिला सीट नसते. पुढे एक लांब दांडा असतो, तो खालीवर होतो आणि त्याच्या टोकाला हँडल. चालवणारा मागच्या खोबणीत उभा राहतो. वेग असेल तोवर ती पाण्यावर तरंगते. वेग गेला की निम्मी पाण्यात बसते आणि चालवणाराही पाण्यात जातो. आपल्याकडच्या किनाऱ्यांवर ही जवळजवळ दिसतच नाही. नवी मागवायची तर किंमत, भाडे आणि जकात मिळून आमच्यासारख्यांनी नुसते ऐकून गप्प बसावे.

नातू मेकॅनिकलचा डिप्लोमावाला, अंबरनाथच्या एमआयडीसीत एका वर्कशॉपमध्ये आहे. त्याचे म्हणणे, "आबा, आपण बनवू. इंजिन जुनं, बॉडी फायबरची, घरीच. मग अलिबागकडे राइड द्यायच्या, त्यातून तुमचे पैसे परत."

मी आठ दिवसांची मुदत मागितली. मला यंत्रातले काही कळत नाही. आयुष्यभर इतिहास आणि मराठी शिकवले. पण कमी पैशांत वेगवान नाव बांधण्याचा विचार आपल्या भागात पहिल्यांदा काही आमच्या नातवाने केलेला नाही. त्याआधी एका फार मोठ्या माणसाने तो केला होता, आणि तोही बदलापूरहून लोकलने अर्ध्या तासाच्या अंतरावर.

१६५७च्या ऑक्टोबरात शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि स्वराज्य खाडीला भिडले. आपली उल्हास नदी कर्जत, बदलापूरवरून कल्याणला येते आणि तिथे तिची खाडी होते. या खाडीकाठी महाराजांनी जहाजे बांधायला घेतली. त्यांच्याकडे ना आरमाराची परंपरा होती, ना पोर्तुगीजांसारखा पैसा. जे कौशल्य घरात नव्हते ते त्यांनी बाहेरून मिळवले. रुय लैतांव व्हिएगश नावाचा पोर्तुगीज आणि त्याची माणसे कामाला लावली. १६५९च्या पोर्तुगीज पत्रव्यवहारात भिवंडी, कल्याण आणि पनवेल इथे शहाजीचा मुलगा लढाऊ जहाजे बांधतो आहे, अशी काळजी व्यक्त केलेली आहे. वसईच्या कॅप्टनने व्हिएगशला फितवून परत नेले. म्हणजे चांगला मिस्त्री पळवण्याचा प्रकार तेव्हापासूनचा!

काम मात्र थांबले नाही. आणि बांधले काय, तर गुराबा आणि गलबते. पोर्तुगीज-इंग्रजांच्या मोठ्या जहाजांपुढे ही लहानच, पण हलकी आणि तळाला उथळ. वारा पडला तर वल्ह्यांवर चालणारी.

हे केवळ गरिबीमुळे झाले असे मी वर्गात वर्षानुवर्षे सांगत आलो. यावेळी रामचंद्रपंत अमात्यांचे आज्ञापत्र पुन्हा काढून वाचले आणि माझी मलाच चूक कळली. ते १७१५च्या सुमाराचे. आरमाराच्या प्रकरणात अमात्य स्पष्ट लिहितात की गुराबा फार मोठ्या नकोत, फार लहानही नकोत, मध्यम असाव्यात. वाऱ्यावाचून जागची न हलणारी अवजड जहाजे करण्याचे कारण नाही. म्हणजे हा परवडत नाही म्हणून केलेला नाइलाज नव्हता, विचार करून घेतलेला निर्णय होता. आपले पाणी कसले, आपले काम कोणते, हे पाहून नाव बांधायची.

त्याचा पुरावा १६७९ साली मिळाला. महाराजांनी मुंबईच्या तोंडावर खांदेरी बेटाची तटबंदी सुरू केली. इंग्रजांनी 'रिव्हेंज' नावाचे मोठे जहाज आणि बरीच छोटी गलबते नेऊन बेटाला वेढा घातला. पण मराठी होड्या रात्री अंधारात बेटावर सामान पोहोचवून परत यायच्या, इंग्रजांना त्या सापडायच्याच नाहीत. आमची जहाजे यांना गाठू शकत नाहीत, अशी त्यांची तक्रार होती. १८ ऑक्टोबरच्या लढाईत मराठ्यांनी 'डव्ह' ही गुराब पकडली. 'रिव्हेंज'च्या तोफांपुढे मात्र टिकाव लागेना, तेव्हा मराठी आरमार सरळ नागोठण्याच्या खाडीत, उथळ पाण्यात शिरले. मोठे जहाज तिथे येणार कसे? १६८० उजाडल्यावर इंग्रजांनी नाद सोडला, खांदेरी स्वराज्यात राहिली. २०२५मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारसा म्हटले, त्यात ही खांदेरी आहे.

आता तुम्ही म्हणाल, मास्तर, यात जेट स्की कुठे आली? सांगतो.

१९५०च्या दशकात न्यूझीलंडमध्ये बिल हॅमिल्टन नावाचा शेतकरी होता. त्याच्याकडच्या नद्या उथळ आणि दगडधोंड्यांच्या, साध्या मोटरबोटीचा पंखा दगडावर आपटून तुटायचा. त्याने पंखा होडीच्या पोटात घेतला. तळाच्या जाळीतून पाणी ओढायचे आणि मागच्या तोंडातून जोराने फेकायचे, की होडी पुढे. बाहेर काही लोंबत नाही, त्यामुळे वीतभर पाण्यातही चालते. अशाच जेट बोटी घेऊन १९७७ साली एडमंड हिलरी बंगालच्या उपसागरातून गंगेत शिरले आणि प्रवाहाविरुद्ध पार हिमालयात नंदप्रयागपर्यंत गेले. मी तेव्हा नुकता नोकरीला लागलो होतो. वर्तमानपत्रातल्या त्या बातम्या मुलांना वाचून दाखवायचो. एका बोटीचे नाव 'गंगा' होते, याचा मुलांना कोण आनंद!

त्याआधी, १९६०च्या दशकात, अमेरिकेत क्लेटन जेकबसन हा मोटरसायकल शर्यतींत भाग घेणारा माणूस. वाळवंटात पडून पडून सोलवटल्यावर त्याच्या मनात आले की पडायचेच तर पाण्यात पडावे. त्याने अॅल्युमिनियमचा पहिला नमुना केला. मोटरसायकलसारखी स्वार होण्याची पाण्यातली गाडी आणि पोटात हॅमिल्टनच्या तत्त्वावरचा पंप. कावासाकी कंपनीने त्याच्या कल्पनेवरून १९७३ साली ४०० सीसीची, दोन सिलिंडरची, टू-स्ट्रोक 'जेट स्की' बाजारात आणली. ती उभ्याचीच होती. बसून चालवायच्या गाड्यांचा सुकाळ नंतर झाला. यामाहाची 'सुपरजेट' १९९० साली आली, तिचे टू-स्ट्रोक रूप २०२०पर्यंत चालले. कावासाकीने २०१७ साली १५०० सीसीची उभी जेट स्की काढली, तिचे वजन २५० किलो. सुपरजेटच्या टू-स्ट्रोकचे वजन जेमतेम १४० किलोच्या आसपास. ताकद कमी असूनही चपळ वळणांच्या, उड्या मारायच्या खेळात लोक आजही ती जुनी, हलकी गाडी शोधत फिरतात.

आज्ञापत्र काय वेगळे सांगते?

हे सगळे मी नातवाला ऐकवले. तो म्हणाला, "आबा, ४०० सीसी, दोन सिलिंडर, टू-स्ट्रोक... म्हणजे आपली राजदूत ३५० की हो!" त्याचे डोळे चमकले. उल्हासनगर शेजारी असल्याचा हा परिणाम. फाळणीनंतर सिंधी निर्वासित कल्याण कॅम्पच्या लष्करी बराकींत आले. १९४९ साली राजाजींच्या हस्ते उल्हासनगरची कोनशिला बसली. हातात काही नसलेल्या त्या माणसांनी मिळेल त्यातून मिळेल ते बनवून गाव उभे केले. 'मेड इन यूएसए' म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद आपण सगळ्यांनी केला आहे. पण घरदार गमावून आलेल्यांनी घडवलेली ही हिंमत आहे, हे हसताना विसरू नये. ती हिंमत या पोरात उतरली आहे.

पण चार दिवसांनी तो स्वतःच पडेल चेहऱ्याने आला. राजदूतचे इंजिन हवेवर थंड होणारे. जेट स्कीच्या बंद पोटात त्याला वारा कुठून मिळणार? खऱ्या जेट स्कीत पंपातलेच थोडे पाणी इंजिनभोवती फिरवतात. शिवाय राजदूतला गिअरबॉक्स चिकटलेला, आणि इथे पंपाचा दांडा थेट क्रँकला जोडायचा. तो केसभर वाकडा बसला तरी जोडणीचे रबर फाटते. आणि राजदूत ३५० आता शौकिनांच्या हौसेची वस्तू झाली आहे, भंगाराच्या भावात मिळत नाही. म्हणजे स्वस्त म्हणून धरले तेच महाग!

मग एक जुनी गाडी पाहायला रायगडच्या एका किनाऱ्यावर गेलो. मीही गेलो, ही नको म्हणत असताना. रंग नवा, इंजिन एका दमात सुरू झाले. मी तर खूश! नातवाने प्लग काढून गेज लावला. एका सिलिंडरचे कॉम्प्रेशन १४५, दुसऱ्याचे ११०. मग चेन-पुलीला काटा अडकवून गाडी उचलली, तर कंपनीच्या पुस्तकातल्या वजनापेक्षा ती ४० किलो जास्त भरली. बुडू नये म्हणून पोटात फोम भरलेला असतो, तो इतक्या वर्षांत पाणी पिऊन बसला होता. इंजिनाच्या बैठकीजवळ रंगाखाली बारीक भेगही होती. मालक म्हणाला, "चालतेय ना? मग?" नातवाने हात जोडले आणि आम्ही परतीची वाट धरली.

परत येताना गाडीत त्याने मला जो हिशेब सांगितला तो मला फार आवडला. आधी कवच आणि पंप निरोगी पाहिजेत. पंपातला फिरता पंखा आणि भोवतीची कडी यांच्यात फट वाढली की इंजिन नुसते ओरडते, पाणी मागे फेकले जात नाही. हे दोन चांगले असतील तर बंद पडलेले इंजिन असलेली गाडी घ्यावी, ती खरी स्वस्त. पिस्टन, रिंगा, सील नवे घालायचे, सिलिंडर बोअर करून घ्यायचा. ते काम अंबरनाथमध्ये त्याच्या हातातले. ताकद वाढवायचे सामान सगळ्यात शेवटी, पैसे उरले तर.

आता राहिला प्रश्न चालवायची कुठे. तो सहज म्हणाला, "बॅरेजवर." इथे मात्र माझ्यातला मास्तर जागा झाला. बदलापूरच्या बॅरेजचे पाणी आपण पितो. टू-स्ट्रोक इंजिन पेट्रोलबरोबर तेल जाळते आणि त्यातले काही पाण्यात सोडते. आपल्या हौसेसाठी गावाच्या पाण्यात तेल? शिवाय २०२१च्या अंतर्देशीय जलयान कायद्याने नदीत यंत्रावर चालणाऱ्या नावेची नोंदणी लागते. समुद्रावर राइड द्यायच्या तर मेरीटाइम बोर्डाची परवानगी. आणि ही नदी गरीब दिसते तशी नाही. २७ जुलै २०१९ला बदलापूर-वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकली, हजारावर माणसे एनडीआरएफच्या बोटींतून बाहेर काढावी लागली. हे आपण घराच्या गच्चीवरून ऐकले, पाहिले आहे.

आणखी एक. अमात्य लिहितात की आरमाराचा खर्च बंदराच्या उत्पन्नावर टाकू नये, तो मुलखातून नेमून द्यावा. नाहीतर वसुलीपायी व्यापाऱ्यांना त्रास होतो आणि बंदरच बसते. मी नातवाला म्हटले, "राइडच्या पैशांतून माझे पैसे फेडायचे नाहीत. हप्त्यासाठी तू खवळलेल्या समुद्रातही लोकांना नेशील. पगारातून फेड, महिन्याला चार हजार, व्याज नको."

तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "आणि राइड?" मी म्हटले, "आधी स्वतः पडायला शीक."

पैसे दिले. एफडी मोडताना हिने विचारले, "आणि पोराला काही झालं तर?" याला माझ्याकडे उत्तर नव्हते, अजूनही नाही. म्हणून एकच अट घातली. पहिली खरेदी इंजिनाची नाही. लाइफ जॅकेट, हेल्मेट आणि मनगटाला बांधायची ती दोरी, जी माणूस पडताच इंजिन बंद करते. यात जुने चालणार नाही, घासाघीसही चालणार नाही.

गेल्या महिन्यात बंद इंजिनाची एक गाडी मिळाली. काट्यावर वजन बरोबर भरले. सध्या ती आमच्या पार्किंगमध्ये दोन लाकडी घोड्यांवर उलटी पडलेली आहे आणि सोसायटीची मुले तिच्याभोवती जमतात. काल एकाने विचारले, "आजोबा, ही कुणाची बोट?"

मी त्याला कल्याणच्या खाडीपासून सांगायला सुरुवात केली. अर्ध्यावर तो पळाला. असो. सवय आहे.